बूट मेन्यू गायब झाला? थांबा, फॉरमॅट करू नका

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. आपल्या गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीकडच्या दुकानांत अजून असे कॉम्प्युटर आहेत जे चालतात मस्त, पण विंडोज 11 घेत नाहीत. मग काही जण मधला रस्ता काढतात. टॅली आणि बिलाच्या प्रिंटरसाठी विंडोज ठेवायचं, आणि इंटरनेट, मेल, बँकेच्या कामासाठी बाजूला उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकायचं. कॉम्प्युटर सुरू केला की मेन्यू येतो, हवं ते निवडायचं. या मेन्यूला ग्रब म्हणतात.

आणि एक दिवस तो मेन्यू येतच नाही. सरळ विंडोज उघडतं, नाहीतर काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच दिसतं. त्यात महिन्याची 10 तारीख असली, म्हणजे उद्या जीएसटीआर-1 भरायचा आहे, की माणूस घाबरतो. दुरुस्तीवाला म्हणतो, "भाऊ, फॉरमॅट मारावं लागेल." आपण हो म्हणतो, आणि वर्षभराचा टॅलीचा डेटा जातो. खरं नुकसान इथे होतं, मेन्यू जाण्यात नाही.

मुळात काय होतं ते समजून घ्या. 2012-13 नंतरच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये यूईएफआय असतं. मदरबोर्डच्या मेमरीत एक यादी असते: आधी कोणाला उठवायचं, नंतर कोणाला. त्यात एक नाव 'विंडोज बूट मॅनेजर' आणि दुसरं 'उबुंटू'. विंडोजचं मोठं अपडेट झालं किंवा विंडोजने स्वतःची दुरुस्ती केली की ते स्वतःचं नाव वर टाकू शकतं. बस, एवढंच झालेलं असतं. दुकानाची पाटी खाली पडली म्हणून आतला माल जात नाही, तसंच.

म्हणून आधी सेटअप उघडा. कॉम्प्युटर सुरू होताना एफ 2 किंवा डिलीट दाबत राहा. एचपीवर एफ 10. तिथे हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का बघा. डिस्कच दिसत नसेल तर केबल किंवा डिस्कचा प्रॉब्लेम आहे, मग पुढचं काही करू नका, डिस्क जाणकाराला दाखवा. दिसत असेल तर बूट ऑर्डरमध्ये जा, 'उबुंटू' वर घ्या, सेव्ह करा. मिंट टाकलं असलं तरी नाव बहुतेक वेळा 'उबुंटू'च असतं, गोंधळू नका. बऱ्याच केसेस इथेच संपतात, दोन मिनिटांत.

ती की जमत नसेल तर विंडोजमधूनही जाता येतं: शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट करा, मग 'यूज अ डिव्हाइस' मध्ये 'उबुंटू' शोधा.

यादीत नावच नसेल तर? लिनक्स मिंटचा लाईव्ह पेनड्राइव्ह बनवून ठेवा, दुकानात एक असायलाच हवा. बूट मेन्यूमध्ये (डेल, लेनोवोवर एफ 12, एचपीवर एफ 9) पेनड्राइव्हच्या ज्या नावापुढे यूईएफआय लिहिलंय तेच निवडा. मिंट उघडलं की मेन्यूत 'बूट रिपेअर' आहे, ते चालवा आणि 'रेकमेंडेड रिपेअर' निवडा. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' चा आयकॉन दिसेल, त्याला हात लावायचा नाही. तो दुरुस्ती करत नाही, सिस्टीम नव्याने टाकतो.

उलटी तक्रारही असते: मेन्यू येतो, पण त्यात विंडोज नाही. ग्रबच्या 2.06 व्हर्जनपासून दुसरी सिस्टीम शोधणं सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलंय, म्हणून उबुंटू 22.04 वाल्यांना हे दिसलं. ग्रबच्या सेटिंग फाईलमध्ये 'डिसेबल ओएस प्रोबर' ची ओळ 'फॉल्स' करायची आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवायचं. स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, तिथून बघून टाका.

'ग्रब रेस्क्यू' बहुतेक वेळा तेव्हा येतं, जेव्हा कोणीतरी विंडोजमधून 'ही रिकामी दिसणारी ड्राइव्ह कशाला' म्हणून लिनक्सचं पार्टिशन उडवलेलं असतं. लिनक्स गेलं, पण विंडोज शाबूत आहे. बूट मेन्यूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा, काम सुरू करा.

कधी कधी दोष तुमचा नसतोच. 13 ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने जुने, असुरक्षित ग्रब अडवायचा नियम लावला. दोन सिस्टीमच्या मशीनवर तो लागणार नव्हता, पण काही मशीन ओळखल्याच गेल्या नाहीत, आणि जगभरात लोकांच्या स्क्रीनवर 'समथिंग हॅज गॉन सिरियसली राँग' आलं. उपाय असा होता: सिक्युअर बूट थोडा वेळ बंद करा, लिनक्समध्ये जाऊन तो नियम काढा, लिनक्स अपडेट करा, सिक्युअर बूट परत चालू करा. मायक्रोसॉफ्टने मे 2025 च्या अपडेटमध्ये हे मिटवलं.

पण सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी एक गोष्ट बघाच. बिटलॉकर चालू असेल तर विंडोज 48 आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती की नसेल तर डेटा डोळ्यासमोर असून उघडणार नाही. नवीन लॅपटॉपवर हे आपोआप चालू झालेलं असू शकतं, दुकानदाराला पत्ताच नसतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन की आजच कागदावर लिहा आणि गल्ल्यात नाही, घरी ठेवा. टॅलीचा बॅकअपही वेगळ्या पेनड्राइव्हवर हवा. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली कॉपी फॉरमॅटमध्ये तीही जाऊ शकते.

मेन्यू परत आला की विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून ती ड्राइव्ह फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

घड्याळही तपासा. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं, म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की वेळ साडेपाच तास मागे दिसते. सकाळी 10 वाजताच्या बिलावर पहाटे साडेचार छापलं जातं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल' ची एक कमांड आहे, तीही व्हिडिओच्या शेवटी दिली आहे. ती चालवा, विंडोजमध्ये एकदा वेळ बरोबर करा आणि मगच पहिलं बिल काढा.