आयुर्वेदाची पदवी आणि पोटाचा प्रश्न

'नीट' परीक्षेचा निकाल लागला की कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक घरांत एकच हिशेब मांडला जातो : 'एमबीबीएस'ला गुण पुरत नाहीत, निदान 'बीएएमएस' तरी पदरात पडेल काय? पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावीही आयुर्वेद महाविद्यालय असल्याने ही वाट खेड्यातील मुलांना जवळची झाली आहे. परंतु ज्या शास्त्राची निवड दुय्यम पसंती म्हणून होते, त्याचे भवितव्य काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

१९७० च्या केंद्रीय कायद्याने भारतीय वैद्यकाच्या शिक्षणाला देशव्यापी चौकट दिली. २०२० च्या कायद्याने ते काम राष्ट्रीय आयोगाकडे सोपविले. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची आंतरवासिता, एवढा काळ व पालकांची पुंजी खर्चून, चरक-सुश्रुत शिकून बाहेर पडलेला पदवीधर पुष्कळदा आधुनिक औषधेच लिहून देतो. महाराष्ट्रात १९९२ च्या शासकीय अधिसूचनेने त्यास मार्ग मोकळा करून दिला. त्याला दोष देणे सोपे आहे. पण तापाने फणफणलेल्या शेतमजुराला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. पथ्यपाण्याचा आठवडा त्याला परवडत नाही. मागणीच अशी असेल, तर पुरवठा निराळा कसा होणार?

शासनाचे वर्तनही याहून वेगळे नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या '१०८' रुग्णवाहिकांवर हेच पदवीधर डॉक्टर म्हणून नेमले गेले. उलट, गुजरातमधील एका प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्यांचे काम 'एमबीबीएस' डॉक्टरांच्या कामाच्या तोडीचे नसल्याने समान वेतनाचा हक्क पोचत नाही, असा निर्णय दिला. अडीअडचणीला डॉक्टर आणि पगारपत्रकावर वैद्य, अशी ही दुहेरी अवस्था आहे.

आयुर्वेदाला स्वतःची बाजारपेठ नाही, असे मात्र नव्हे. पनवेल येथे १८७२ मध्ये सुरू झालेला 'धूतपापेश्वर'सारखा औषधी उद्योग दीड शतक टिकला, तो केवळ श्रद्धेवर नव्हे. राधानगरी-शाहूवाडीच्या रानात हिरडा-बेहडा आहे. त्याची पारख, प्रमाणीकरण व औषधनिर्मिती यांत कामाला वाव आहे. पंचकर्म, जुनाट विकारांची शुश्रूषा आणि औषधांचा गुण काटेकोर चाचण्यांनी पडताळून पाहणारे संशोधन, हीही या पदवीची खरी क्षेत्रे होत.

तेव्हा जागा वाढविण्यापूर्वी महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खाटांवर खरे रुग्ण आहेत काय, हे पाहिले पाहिजे. पालकांनीही प्रवेशशुल्काची चौकशी करण्याआधी तेच विचारावे. रुग्णाविना शिकलेले वैद्यक, मग ते कोणत्याही पद्धतीचे असो, शेवटी रुग्णाच्याच जिवावर बेतते.