चरबी गेली, खळगे उरले

बिघडलेलं लायपोसक्शन सुधारता येतं. मात्र त्याआधी निदान हवं, धीर हवा आणि 'आत्ता नको' म्हणू शकणारा सर्जन हवा

अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर टाके पिकले तर अख्खी आळी विचारपूस करायला येते. मांडीवरची चरबी काढून घेतली आणि मांडी वेडीवाकडी झाली, तर 'कुणी सांगितली होती नसती हौस' एवढंच ऐकावं लागतं. लायपोसक्शनच्या निकालानं निराश झालेल्या माणसाची अडचण अशी दुहेरी असते. अंगावर खळगा असतो आणि त्याबद्दल बोलायची सोय नसते. मग तो एकतर गप्प बसतो, नाहीतर घाईघाईनं दुसरा सर्जन गाठून पुन्हा ऑपरेशन टेबलावर जातो.

दोन्ही वाटा नुकसानीच्या आहेत. बिघडलेलं लायपोसक्शन बऱ्याच प्रमाणात सुधारता येतं, पण कसं सुधारायचं ते नेमकं काय बिघडलंय यावर ठरतं. ते शोधायला वेळ देणारा सर्जन मिळाला, की निम्मं काम झालं.

नळी आत काय करते

चिमटीत पकडता येते ती चरबी कातडी आणि स्नायू यांच्या मधली असते. पोटासारख्या भागात तिचे दोन थर असतात. वरचा थर घट्ट, बारीक कप्प्यांचा आणि कातडीला तंतूंनी बांधलेला. खालचा थर सैल. दोन्हींच्या मधे एक पातळ तंतुमय पडदा. लायपोसक्शनची नळी मुख्यतः खालच्या सैल थरात फिरायला हवी. वरच्या थराची चरबी कातडीला आतून आधार देते. ती खरवडली गेली की कातडी थेट खालच्या पडद्याला चिकटते. आतड्यांभोवती साठलेली चरबी मात्र स्नायूंच्या आत असते. नळी तिथे जात नाही, आणि जाता कामा नये.

आजचं तंत्र अनेक धडे घेत तयार झालं. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल दुजारिए या सर्जननं एका नर्तिकेच्या पायावरची चरबी धारदार हत्यारानं खरवडून काढली. रक्तवाहिनीला इजा झाली, गँगरीन झालं आणि पाय कापावा लागला. १९७० च्या दशकात रोममध्ये आर्पाद आणि जॉर्जो फिशर या बापलेकांनी चरबी ओढून काढणारं उपकरण बनवलं. त्याच दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी रूढ केली. बोथट टोकामुळे नसा आणि रक्तवाहिन्या बाजूला सरकतात, कापल्या जाण्याचा धोका कमी होतो. पुढे कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये 'ट्युमेसंट' पद्धत मांडली. मिठाचं पाणी, त्यात भुलीचं लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारं अ‍ॅड्रेनलिन, असं पातळ मिश्रण चरबीत भरपूर भरायचं आणि मग चरबी ओढायची. त्यामुळे रक्तस्राव एकदम घटला.

तंत्र सुरक्षित झालं, तसं ते सोपंही वाटू लागलं. तरी नळी कातडीखाली दिसत नाही. सर्जन एका हातानं ती फिरवतो आणि दुसऱ्या हातानं वरून चाचपत अंदाज घेतो. त्यातच पाणी भरल्यानं तो भाग फुगलेला असतो. किती काढायचं यापेक्षा किती ठेवायचं हे कळणं हेच खरं कौशल्य.

बिघाड एकाच जातीचा नसतो

पहिली जात, कमी काढल्याची. एका बाजूला गोळा राहिला, दोन मांड्या सारख्या झाल्या नाहीत. हा बिघाड त्यातल्या त्यात सोपा. उरलेलं नंतर काढता येतं.

दुसरी जात, जास्त किंवा वरवरून काढल्याची. दुरुस्तीला येणाऱ्यांत सर्वांत अवघड तक्रार हीच. चरबीचा आधार गेलेल्या जागी शरीर जखम भरताना तंतुमय ऊतक तयार करतं आणि ते कातडीला खाली खेचून धरतं. गादीला टाका मारला की तिथे खळगी पडते आणि आजूबाजूचा कापूस वर येतो, तसंच काहीसं इथे होतं. खळग्याशेजारचा उंचवटा म्हणूनच फसवा असतो. तो जास्तीची चरबी वाटतो, प्रत्यक्षात तिथलीच पातळी मूळची असते. 'एवढं अजून काढून टाका' म्हणून तो कमी केला, तर खळगा आणखी पसरतो.

तिसरी जात, चुकीच्या जागी हात घातल्याची. नितंबाखालची घडी, मांडीच्या बाहेरच्या अंगाचा खालचा भाग, मांडीच्या आतल्या अंगाचा मधला भाग अशा काही जागी कातडी खालच्या पडद्याला निसर्गतःच घट्ट बांधलेली असते. तिथली चरबी काढली की आकार मोडतो.

चौथी जात, मुळात चुकीचं ऑपरेशन निवडल्याची. दोन-तीन बाळंतपणांनंतर किंवा खूप वजन उतरल्यावर पोटाची कातडी सैल झालेली असते, पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले असतात. तिथे नळीनं चरबी काढली तर रिकामी झालेली कातडी आणखीच लोंबते. अशा पोटाला जास्तीची कातडी काढून स्नायू शिवणारी अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी लागते. आणि पोट आतल्या चरबीनं पुढे आलं असेल, तर त्याला कोणतीच नळी उपयोगी नाही.

या चौथ्या जातीमागे एक मोठा गैरसमज आहे. लायपोसक्शन हा वजन किंवा मधुमेह कमी करण्याचा उपाय नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची बरीच चरबी काढून काही आठवड्यांनी तपासण्या केल्या. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय सुधारणा झाली नव्हती. कोलोरॅडो विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात, लठ्ठ नसलेल्या स्त्रियांमध्ये काढलेली चरबी वर्षभरात भरून आली. मांड्यांवर ती फारशी परतली नाही. साठली ती पोटाकडे. दुरुस्तीच्या दृष्टीनं यातला धडा महत्त्वाचा आहे. वजन वाढलं तर चरबी काढलेली जागा खोलगट राहते आणि आसपासचा भाग फुगतो, म्हणजे जुना उंचसखलपणा जास्त उठून दिसतो. वजन काही महिने स्थिर ठेवणं हा म्हणूनच दुरुस्तीचा पहिला टप्पा आहे.

थांबणं हाही उपचारच

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी दिसतो तो अंतिम निकाल नव्हे. आत सूज असते, हाताला गाठी लागतात, काही भाग बधिर असतो. जखम भरताना आधी भराभर कोलॅजन तयार होतं, मग कित्येक महिने त्याची फेररचना चालते. कडक झालेला भाग हळूहळू मऊ पडतो. या काळात पुन्हा नळी घातली तर ती सुजलेल्या, रक्ताळ ऊतकातून जाते आणि नव्या व्रणांची भर पडते. म्हणून दुरुस्तीसाठी निदान सहा महिने, आणि मोठं काम झालं असेल तर वर्षभर थांबण्याचा सल्ला दिला जातो. या काळात सर्जननं सांगितलेला प्रेशर गारमेंट घालावा, सिगारेट-तंबाखू पूर्ण सोडावी, वजन सांभाळावं आणि दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढून ठेवावेत. पुढच्या सर्जनला त्यांतून बरंच कळतं.

काही लक्षणांपुढे मात्र एक तासही थांबू नये. धाप लागणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं होणं, एकच पोटरी सुजून दुखणं, ताप येऊन कातडी झपाट्यानं लाल किंवा काळपट होणं, पोटात असह्य दुखणं. फुप्फुसात गेलेली रक्ताची गाठ किंवा चरबीचे कण, पसरणारा जंतुसंसर्ग, आतड्याला पडलेलं छिद्र यांची ही चिन्हं असू शकतात. तेव्हा क्लिनिकच्या फोनची वाट न बघता अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठावं.

दुरुस्तीत काय करता येतं

पहिल्या ऑपरेशनचा भर काढण्यावर असतो, दुसऱ्याचा बऱ्याचदा परत भरण्यावर. शरीराच्या दुसऱ्या भागातली चरबी हलक्या हातानं काढून खळग्यात बारीक थेंबांच्या रूपात पेरतात. न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी १९९० च्या दशकात या तंत्राला शिस्त दिली. थेंब बारीक ठेवण्यामागे जीवशास्त्र आहे. नव्या जागी नेलेल्या चरबीला सुरुवातीचे काही दिवस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. आसपासच्या ऊतकातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर ती तगते, आणि हा प्राणवायू फार आत पोहोचत नाही. मोठा गोळा भरला तर त्याचा मध्यभाग मरतो आणि तिथे तेलाची पिशवी किंवा कडक गाठ तयार होते. नीट पेरलेल्या चरबीतलीही सगळी टिकत नाही. त्यामुळे एका खेपेत खळगा भरला नाही, तर दुसरी खेप लागू शकते.

भरण्याआधी कातडीला खेचून धरणारे तंतू आतून मोकळे करावे लागतात, नाहीतर भरलेली चरबी कडेला सरकून उंचवटाच वाढवते. काही सर्जन चरबी न ओढता नळी नुसतीच फिरवतात आणि आसपासची चरबी मोकळी करून खळग्याकडे पसरवतात. सैल कातडीला कापून ताणण्याखेरीज खात्रीचा उपाय नाही. रेडिओ लहरी किंवा अल्ट्रासाउंडच्या यंत्रांनी थोडं आकुंचन होतं, पण उष्णतेनं भाजण्याचा धोकाही असतो.

दुसरं ऑपरेशन पहिल्याहून अवघड असतं, हे स्पष्ट सांगायला हवं. व्रणाच्या कडक ऊतकात नळी हवी तशी सरकत नाही. जोर लावला तर ती भलतीकडे वळते. म्हणून पोटावर आधीचे टाके किंवा हर्निया असेल, तर आतल्या अवयवांना इजा होण्याचा धोका वाढतो. ध्येय सुधारणेचं ठेवावं, मूळच्या नितळ अंगाचं नव्हे.

सर्जन कसा निवडावा

सुरुवात पदवीपासून करावी. भारतात एमबीबीएस, त्यावर शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण आणि मग प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी, हा रुळलेला मार्ग. 'कॉस्मेटिक' हा शब्द पाटीवर कुणीही लावतो. पदवी कशाची आणि कोणत्या विद्यापीठाची ते विचारावं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी पडताळून पाहावी. दुरुस्तीसाठी विशेषतः चरबी पेरण्याचा अनुभव किती, हे विचारावं.

मग तपासणी कशी होते ते बघावं. चांगला सर्जन तुम्हाला उभं करून, आडवं करून, स्नायू ताणायला सांगून पाहतो, चिमटीनं थराची जाडी तपासतो, हर्निया चाचपतो. तो आधीच्या ऑपरेशनचे कागद मागतो: किती चरबी काढली, कोणत्या भागातून, कोणती भूल दिली. फोटोवरून किंवा फोनवर दर सांगणाऱ्याकडे जाऊ नये. 'आज ठरवलं तर सवलत' म्हणणाऱ्याकडे तर नाहीच.

सर्जनकडे दुरुस्तीच्याच रुग्णांचे, वर्षभरानंतरचे, सारख्या उजेडातले फोटो मागावेत. ऑपरेशन कोण करणार, भूलतज्ज्ञ हजर असणार का, रात्री काही झालं तर रुग्णालय कोणतं, हे विचारायला संकोचू नये. ट्युमेसंट पद्धतीत लिडोकेन चरबीतून रक्तात सावकाश उतरतं; रक्तातली त्याची पातळी कित्येक तासांनी, कधी रुग्ण घरी पोहोचल्यावर, सर्वाधिक होते. म्हणून वजनानुसार मात्रेचा हिशेब आणि नंतरची देखरेख दोन्ही हवं. एका बैठकीत पाच लिटरहून जास्त काढणं हे मोठ्या प्रमाणावरचं लायपोसक्शन मानलं जातं आणि त्याला रुग्णालयातली तयारी लागते.

आधीच्याच सर्जनकडे परत जावं का? त्याची पदवी योग्य असेल आणि तो चूक झाकत नसेल, तर पहिली भेट त्याचीच घ्यावी. आत काय केलं ते त्यालाच ठाऊक असतं. पण निर्णयाआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावंच. कागद देत नसतील तर लेखी मागावेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. १९९५ पासून सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे. अर्थात प्रत्येक वाईट निकाल हा निष्काळजीपणा नसतो. शरीरं वेगवेगळी भरून येतात.

शेवटचा प्रश्न स्वतःला विचारावा. मला नक्की काय खटकतं, आणि ते इतरांनाही दिसतं का? जवळच्या माणसांना दिसतही नाही अशा उणिवेनं झोप उडाली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं. खळगा खरा असेल, तर त्याबद्दल लाज बाळगू नये. तो ऊतकाचा बिघाड आहे, चारित्र्याचा नव्हे. दुखणं म्हणून तो डॉक्टरांसमोर मांडावा, प्रश्न विचारावेत, आणि 'अजून सहा महिने थांबा' म्हणणाऱ्या सर्जनचं ऐकावं. पैसे मिळत असतानाही हात आखडता घेणारा माणूस तुमच्या अंगाची काळजी करतोय, हे त्या सल्ल्यातूनच कळतं.