उतारा कुणाचा?

देहूच्या सालोमालोची कथा वारकरी परंपरेत चांगलीच परिचयाची आहे. हा कीर्तनकार तुकोबांचे अभंग गायचा, पण शेवटच्या चरणातले तुकोबांचे नाव काढून तिथे स्वतःचे घालायचा, असे परंपरा सांगते. १९३६ मध्ये प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ काढला, तेव्हा दामले-फत्तेलाल यांना खलनायक आयताच मिळाला. पुढच्या वर्षी चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि सालोमालोची ख्याती परदेशी पोचली. अभंग गाणे हा त्याचा अपराध नव्हता. अभंग तर गावोगाव गायले जात होते. अपराध होता तो नाव बदलण्याचा.

वाङ्मयचौर्य म्हणतात ते हेच, आणि आता ते पीएचडी करणाऱ्यांपुरते उरलेले नाही. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात एकोडी हे गाव आहे. अशा गावांतून साकोलीला किंवा भंडाऱ्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनाही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीच्या वर्गात फील्ड प्रोजेक्ट करावा लागतो. विषय घराजवळचेच असतात: धानाची शेती, कोसा रेशमाचे विणकाम, गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव. अहवाल मात्र पुष्कळदा मोबाइलमधून येतो. कुणी संकेतस्थळावरचा मजकूर उचलतो, कुणी मागच्या वर्षीच्या फाइलवरचे नाव बदलून घेतो.

याला केवळ आळस म्हणणे अन्यायाचे होईल. बालवाडीपासून बारावीपर्यंत मुलांना शिकवले जाते ते ‘उतरवून काढा’. फळ्यावरचे उतरवा, गाईडमधले उत्तर पाठ करा, प्रॅक्टिकलचे जर्नल वरच्या वर्गातल्या मुलाकडून आणून पूर्ण करा. ‘अपेक्षित’मधले उत्तर शब्दाला शब्द लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. मग कॉलेजात अचानक कोणी सांगते की हे चालणार नाही. का चालणार नाही आणि त्याऐवजी काय करायचे, हे सांगायचे मात्र राहून जाते.

ते उदाहरणानेच समजते. समजा, मामा तलावांवरच्या एका पुस्तकात असे वाक्य आहे: ‘मालगुजारी संपल्यावर तलावांची मालकी सरकारकडे गेली, पण गाळ काढण्याची आणि पाळ दुरुस्त करण्याची गावाची जुनी व्यवस्था त्याबरोबर मोडली.’ विद्यार्थी लिहितो: ‘मालगुजारी पद्धत बंद झाल्यानंतर तळ्यांचा ताबा शासनाकडे आला, मात्र गाळ उपसण्याची आणि बांध नीट करण्याची पूर्वीची ग्रामव्यवस्था त्यामुळे कोलमडली.’ बहुतेक शब्द बदलले, तरी विचार, त्याचा क्रम आणि ‘पण’ची जागासुद्धा मूळ लेखकाचीच राहिली. आपण आपल्या शब्दांत लिहिले असे विद्यार्थ्याला प्रामाणिकपणे वाटते. तरीही हे चौर्यच, आणि महाविद्यालयांत पुष्कळदा आढळणारे.

तेच असे लिहिता येते: ‘१९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली. अमुक लेखकाच्या मते तलावांची मालकी सरकारकडे जाताच देखभालीची गावकीही मोडली (लेखकाचे नाव, वर्ष, पृष्ठ). आमच्या गावच्या तलावाबाबत हे खरे आहे का, हे पाहण्यासाठी आम्ही पाच शेतकऱ्यांशी बोललो.’ इथे लेखकाचा विचार लेखकाच्या नावावर राहिला आणि विद्यार्थ्याचे काम त्याच्यापुढे सुरू झाले. मूळ वाक्यच महत्त्वाचे वाटले, तर ते अवतरणचिन्हांत घालून पृष्ठ क्रमांकासह द्यावे.

प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतो असेही नाही. भंडारा जिल्ह्यात धान पिकते हे कुणाच्या नावावर टाकायची गरज नाही. तलावांवर किती हेक्टर भिजते हा आकडा लिहिला, तर तो कुठून घेतला हे सांगावेच लागते. मराठी विश्वकोशातल्या नोंदींखाली बहुधा नोंदलेखकाचे नाव असते, तेव्हा नुसते ‘विश्वकोश’ न लिहिता ते नाव द्यावे. विकिपीडियाचा मजकूर फुकट मिळतो, पण त्याच्या परवान्यातही श्रेय देण्याची अट आहे.

कायद्याचा भाग थोडा वेगळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. महात्मा फुले १८९० मध्ये गेले. ‘शेतकऱ्याचा असूड’ आज कोणीही छापू शकतो, पण त्यातला उतारा स्वतःचा म्हणून प्रोजेक्टमध्ये घातला, तर कॉपीराइटचा भंग होत नसला तरी चौर्य होते. उलट पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून आली आणि ‘एका कोळियाने’ हे हेमिंग्वेच्या कादंबरीचे भाषांतर आहे, हे मराठी वाचकाला पहिल्यापासून ठाऊक आहे. उघडपणे घेतल्याने पुलंची पत कमी झाली नाही.

मोठ्यांच्या हातूनही श्रेय द्यायचे राहते. औषधांच्या पेटंटबाबत केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष होते गोव्यातल्या माशेलचे शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर. समितीने डिसेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. त्यातल्या काही कळीच्या ओळी कायद्याचे अभ्यासक शमनाद बशीर यांच्या निबंधातून श्रेय न देता आल्याचे उघड झाले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये अहवाल मागे घ्यावा लागला. सुधारित अहवाल आला तो २००९ मध्ये. बौद्धिक संपदेवरच्या अहवालातच हे घडावे, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. विद्यार्थ्याने यातून घ्यायचे ते एवढेच की टिपण काढताना स्रोत लिहिला नाही, तर अंतिम मसुद्यात तो शोधणे अवघड होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सादर करायला बंदी आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द. अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य माहिती या मोजणीतून वगळली जाते. साधे असाइनमेंट, प्रोजेक्ट अहवाल आणि उत्तरपत्रिका या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते. म्हणजे पदवीच्या प्रोजेक्टचा न्याय करतात ते महाविद्यालयाचे स्वतःचे नियम आणि तपासणारे सर किंवा मॅडम.

टक्केवारीने आणखी एक गैरसमज पसरवला आहे. आठ टक्के आले म्हणून अहवाल स्वच्छ ठरत नाही, कारण त्या आठ टक्क्यांत मुख्य निष्कर्षच असू शकतो. सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते, हेतू मोजत नाही. इंग्रजी किंवा हिंदी लेख मराठीत उतरवला, तर ते साम्य यंत्राच्या नजरेतून सहज निसटू शकते. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी हीच पळवाट सर्वांत सोपी आहे. भाषांतर करणे हे चांगले आणि कष्टाचे काम आहे. कशावरून केले तेवढी एक ओळ त्याखाली लिहिली की झाले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तयार मजकुराचा आणखी एक मार्ग खुला झाला. अशी साधने कधीकधी अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि लेखही खात्रीने सांगतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी यंत्राने रचलेले बनावट निवाडे कोर्टात दाखल केले. त्यांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड झाला. संदर्भसूचीतले पुस्तक स्वतः उघडून पाहिलेले नसेल, तर ते सूचीत घालू नये. यंत्राची मदत घेतली असेल, तर कशासाठी घेतली तेही सांगावे.

सर्वांत कमी दिसणारी उचलेगिरी गावातच होते. पूर्व विदर्भातले जुने तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. पाळ कशी घालायची, बोडीचे (लहान तळ्याचे) पाणी बांधीत (धानाच्या शेतात) कोणत्या पाळीने सोडायचे, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. विद्यार्थी एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ दोन तास बसतो, सगळे लिहून घेतो आणि अहवालात ‘सर्वेक्षणात असे आढळले’ म्हणून मोकळा होतो. कोणतेही सॉफ्टवेअर हे पकडणार नाही, कारण ते बोलणे कुठे छापलेलेच नाही.

अशा तोंडी ज्ञानाचे श्रेय देण्याची पद्धत सोपी आहे. बोलण्याआधी प्रोजेक्ट कशासाठी आहे ते सांगायचे आणि नाव छापू का, असे विचारायचे. होकार मिळाला, तर नाव, गाव, वय आणि मुलाखतीची तारीख तळटीपेत द्यायची. नकार मिळाला, तर ‘एकोडी येथील एक धान उत्पादक शेतकरी, मुलाखत’ एवढे लिहून पुढे तारीख टाकायची. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारून डावीकडे त्यांचे शब्द आणि उजवीकडे स्वतःचे विचार लिहिले, तर महिन्याभराने टाइप करायला बसल्यावर दोन्हींची सरमिसळ होत नाही. अहवाल जमा करण्याआधी त्यांच्याविषयीचा मजकूर त्यांना वाचून दाखवावा. तलावाची सालवारी चुकली असेल, तर ती तिथेच दुरुस्त होते.