हरवलेले गाणे आणि कानाशी बोलणारे मित्र
पॉडकास्ट ऐकणाऱ्यांची संख्या घरोघरी वाढते आहे. हा नवा छंद आहे तरी काय, आणि तो इतका जवळचा का वाटतो?

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या टायलर जिलेट या चित्रपट दिग्दर्शकाच्या डोक्यात एक गाणे अडकून बसले होते. १९९०च्या दशकात कधीतरी रेडिओवर ऐकलेले. चाल पाठ, शब्द बरेचसे पाठ, वाद्ये कुठे थांबतात आणि कुठे उसळतात तेही पाठ. बायकोला गाऊन दाखवले, तर तिने असे गाणे कधी ऐकलेच नव्हते! बरे, इंटरनेटवर शोधावे तर तिथेही पत्ता नाही. दोन शब्द टाकले की कुठल्याही काळातले गाणे जिथे हजर होते, तिथे या गाण्याची साधी खूणसुद्धा सापडेना. मग प्रश्न पडला, की असे गाणे खरोखर होते, की या गृहस्थाने ते मनातच रचले?

'रिप्लाय ऑल' या अमेरिकन पॉडकास्टचा निवेदक पीजे व्होट याने हा प्रश्न मनावर घेतला. त्याने चक्क वादक जमवले, स्टुडिओ घेतला आणि जिलेटच्या आठवणीतून ते गाणे पुन्हा उभे केले. जिलेटने तोंडाने वाजवून दाखवायचे आणि वादकांनी ते वाद्यावर आणायचे. तयार झालेले ध्वनिमुद्रण मग संगीतातल्या जाणकारांना ऐकवले. कुणालाच ओळख पटेना. अखेर गाणे सापडले. 'सो मच बेटर' हे त्याचे नाव आणि इव्हान ओल्सन हा त्याचा गायक. जिलेटची स्मरणशक्ती शाबूत होती!

मार्च २०२० मध्ये हा भाग आला. त्याच महिन्यात जगभर माणसे घरात कोंडली जाऊ लागली होती आणि कितीतरी जणांना एका अनोळखी माणसाच्या हरवलेल्या गाण्याने सोबत केली. हीच हकीकत इथे छापून वाचताना तिची गंमत निम्मीच उरते, हे कबूल केले पाहिजे. ऐकताना एकेक वाद्य मिसळत जाते आणि गाणे आपल्या कानासमोर आकार घेते.

म्हणजे रेडिओच की!

होय आणि नाही. आकाशवाणीवरचे 'वनिता मंडळ' किंवा 'पुन्हा प्रपंच' ज्या घरांत ऐकले जाई, तिथे घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागे. वेळ चुकली की कार्यक्रम गेला. पॉडकास्टचे तसे नाही. कार्यक्रमाचा प्रत्येक भाग इंटरनेटवर ठेवलेला असतो. एकदा नाव नोंदवले, की पोस्टाने साप्ताहिक यावे तसा नवा भाग आपोआप तुमच्या मोबाईलवर येतो. पोळ्या लाटताना ऐका, लोकलमध्ये ऐका, मध्येच थांबवा आणि उद्या तिथूनच पुढे ऐका.

ही आपोआप पोचवण्याची व्यवस्था उभी करण्यात डेव्ह वायनर हा संगणकतज्ज्ञ आणि एमटीव्हीवर निवेदक म्हणून गाजलेला अ‍ॅडम करी या दोघांचा मोठा वाटा. नाव मात्र एका पत्रकाराने दिले. फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन' दैनिकात बेन हॅमरस्ले याने आयपॉडमधला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट' जोडून हा शब्द लिहिला. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिली आणि शब्द सर्वतोमुखी झाला. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये बंद पडले, नाव मात्र टिकून आहे.

रेडिओशी दुसरा फरक अधिक मोलाचा. रेडिओ घरभर वाजतो, पॉडकास्ट बहुधा एकट्याच्या कानात. निवेदक सभेपुढे बोलत नाही, शेजारी बसून बोलतो. अडखळतो, हसतो, 'थांब, हे मला नीट कळले नाही' असे म्हणतो. आठवड्यामागून आठवडे असा आवाज कानाशी आला, की तो माणूस ओळखीचा वाटू लागतो. आपल्या घरातल्या गोष्टी त्याला ठाऊक नसतात, पण त्याच्या आपल्याला असतात!

'कळले? कळले? नाही!'

'रिप्लाय ऑल' नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. पीजे व्होट आणि अ‍ॅलेक्स गोल्डमन हे त्याचे निवेदक. विषय इंटरनेटचा, पण यंत्रापेक्षा यंत्रापाशी बसलेल्या माणसांचा अधिक. त्यातले एक सदर तर कुठल्याही मराठी घरात शोभावे. या दोघांचे वरिष्ठ अ‍ॅलेक्स ब्लूमबर्ग इंटरनेटवरचा एखादा न कळलेला विनोद घेऊन येत. मग एकमेकांना विचारायचे, तुला कळले? हो. तुला? हो. आणि तुम्हाला? नाही! सदराचे नावच 'येस येस नो'. त्या एका ओळीच्या विनोदामागचे संदर्भ उलगडता उलगडता अख्खी एक दुनिया समोर यायची आणि शेवटी तिघांनाही 'हो' म्हणता यायचे. नातवाच्या मोबाईलवरचे चित्र पाहून 'यात हसण्यासारखे काय आहे?' असे विचारणाऱ्या आजोबांना हे सदर नक्की आवडले असते.

२०१७ मध्ये गोल्डमनला एक फोन आला. तुमचे आयक्लाउड खाते धोक्यात आहे, असे सांगणारा. फोन लबाडीचा आहे हे त्याने ओळखले, पण फोन ठेवून न देता पलीकडच्या माणसाशी तो बोलतच राहिला. पुन्हा पुन्हा बोलला. फोन दिल्लीहून येत होते. शेवटी गोल्डमनने थेट दिल्ली गाठली! अशा फोनना आज आपल्याकडचीच हजारो माणसे बळी पडतात. फसवणारा कोण असतो, तो या नोकरीला कसा लागतो, त्याचे मन त्याला खाते का, हे 'लाँग डिस्टन्स' या दोन भागांत ऐकताना राग आणि कुतूहल एकदमच वाटते.

स्वतःचे घर तपासताना

हा कार्यक्रम काढणाऱ्या गिमलेट कंपनीचा जन्मही असाच उघड्यावर झाला. भांडवलासाठी वणवण करताना ब्लूमबर्गनी स्वतःची फजिती ध्वनिमुद्रित केली आणि 'स्टार्टअप' नावाने लोकांना ऐकवली. २०१९ मध्ये स्पॉटिफायने ही कंपनी विकत घेतली. दोनच वर्षांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये 'रिप्लाय ऑल'ने 'द टेस्ट किचन' ही मालिका सुरू केली. 'बॉन अ‍ॅपेटिट' या अमेरिकेतल्या नामांकित पाककला मासिकात गोऱ्या नसलेल्या कर्मचाऱ्यांना कशी वागणूक मिळाली, याची ती कहाणी होती. निवेदन होते भारतीय वंशाच्या श्रुती पिन्नामनेनी यांचे. चार भाग ठरले होते, आले दोनच.

कारण गिमलेटमधलाच एक जुना सहकारी, एरिक एडिंग्स, जाहीरपणे बोलला. जे तुम्ही दुसऱ्यांच्या कचेरीबद्दल सांगता आहात, तेच आपल्या कचेरीत घडत होते, असा त्याचा आरोप होता. कर्मचारी संघटना बांधू पाहत होते तेव्हा व्होट आणि पिन्नामनेनी यांनी विरोध केला, असेही त्याने सांगितले. दोघांनी माफी मागितली आणि कार्यक्रम सोडला. मालिका अर्ध्यावर थांबली. जून २०२२ मध्ये 'रिप्लाय ऑल'ही संपला.

वर्तमानपत्रातला अग्रलेख पटला नाही तर वाचक पान उलटतो. इथे तसे झाले नाही. श्रोते दुखावले गेले, कारण त्यांच्या दृष्टीने चुकली होती ती कंपनी नव्हे, ओळखीची माणसे. शिवाय बहुतेक पॉडकास्टमध्ये जाहिरातही निवेदक स्वतःच्याच आवाजात वाचतो. मित्राच्या आवाजात गादीची नाहीतर विम्याची शिफारस! त्या वेळी कान थोडे अधिक सावध ठेवलेले बरे. व्होटने २०२३ मध्ये 'सर्च इंजिन' आणि गोल्डमनने २०२४ मध्ये 'हायपरफिक्स्ड' हे नवे पॉडकास्ट काढले, आणि जुने श्रोते त्यांच्याकडे गेलेही.

आपल्याकडेही हे दालन आता रिकामे नाही. मुंबईचे अमित वर्मा २०१७ पासून 'द सीन अँड द अनसीन' हा इंग्रजी पॉडकास्ट चालवतात. सुरुवातीला जेमतेम वीस मिनिटांच्या असणाऱ्या गप्पा आता कित्येक तास चालतात, आणि लोक त्या पुरवून पुरवून ऐकतात. प्रसारमाध्यमांच्या कामाची चिरफाड ऐकायची असेल तर 'न्यूजलाँड्री'चा 'हफ्ता' आहे. मराठीत सौमित्र पोटे यांचा 'मित्रम्हणे' आहे, 'अमुक तमुक' आहे, बीबीसी मराठीची 'गोष्ट दुनियेची' आहे. इंदूर, बडोदा किंवा बंगळूरच्या ज्या घरांत मुलांच्या कानावर मराठी फारशी पडत नाही, तिथे याचा उपयोग वेगळा सांगायला नको.

स्वतः करून पाहायचे तर

खर्च फार नाही. मोबाईल आणि साधा माईक असलेले इअरफोन सुरुवातीला पुरतात. कापछाटीसाठी 'ऑडॅसिटी' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. खरा शत्रू असतो खोलीचा घुमारा. रिकाम्या हॉलपेक्षा गाद्या, पडदे आणि कपड्यांनी भरलेले कपाट असलेली झोपायची खोली उत्तम. पंखा बंद करा, कुकर उतरल्यावरच बसा. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे 'प' आणि 'फ'चे फटकारे बसत नाहीत. तासभर बोलून त्यातली वीस मिनिटेच ठेवायची तयारी हवी, आणि नवख्यांना जड जाते ते नेमके हेच. आवडते चित्रपटगीत मध्ये पेरायचा मोह आवरा, त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात.

आजीच्या आठवणींपासून सुरुवात करणार असाल तर मोबाईल लपवून ठेवू नका. तिला आधी विचारा, झालेले ध्वनिमुद्रण ऐकवा आणि 'हे काढून टाक' म्हणाली तर काढून टाका. ती दूर गावी असेल तर फोनवरचा आवाज मुद्रित करत बसण्यापेक्षा तिच्या जवळच्या कुणाला तरी तिथे दुसऱ्या मोबाईलवर तिचा आवाज टिपायला सांगा. बोलणे सुरू होताच तिने फोनमधून तुम्हाला ऐकू येईल अशी एक टाळी वाजवायची, तिच्याबरोबर तुम्हीही वाजवायची. नंतर दोन्ही टाळ्या एकावर एक बसवल्या, की दोन गावांतला संवाद एकाच खोलीतला वाटतो.