कोकण रेल्वेची हद्द दादरपर्यंत नाही

वरळीच्या बीडीडी चाळीत पावसाळा लागला की गणपतीच्या तिकिटांची बोलणी सुरू होतात. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांची खोली गेली आणि 500 चौरस फुटांचं घर आलं. गॅलरीतल्या गप्पा लिफ्टमध्ये गेल्या, पण वाक्य तेच राहिलं : “रेल्वे सरकारची, बजेट एवढं मोठं, मग कोकणातच दुसरी लाइन टाकायला यांचे हात दुखतात का?”

राग समजतो, पण तो चुकीच्या दारात जातो. मध्य किंवा पश्चिम रेल्वे हे जसे भारतीय रेल्वेचे विभाग आहेत, तशी कोकण रेल्वे नाही. ती रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतली, पण वेगळी कंपनी आहे. जुलै 1990 मध्ये ती स्थापन झाली. तेव्हा रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री मधु दंडवते. भागभांडवलात केंद्राचा वाटा 51 टक्के ठरला, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकचा 15, गोवा आणि केरळचा प्रत्येकी 6. बाकीचा बराचसा पैसा रोखे काढून बाजारातून उचलला. बाजारातून उचललेला पैसा व्याजासकट फेडावा लागतो. 1998 च्या जानेवारीत रोहा ते ठोकूर सलग मार्ग खुला झाला तेव्हा डोंगर फोडून झाले होते, कर्ज मात्र डोक्यावर होतंच. विभागांना अर्थसंकल्पातून जसा दुहेरीकरणाला पैसा मिळतो, तसा तो या कंपनीला आपसूक मिळत नाही.

याचा पुरावा आपल्या खिशातच असतो. तिकिटावरचं अंतर वाचा. रोहा ते रत्नागिरी प्रत्यक्षात जेमतेम 200 किलोमीटर, पण भाडं काढताना ते 280 च्या घरात धरतात. प्रवाशांसाठी अंतर 40 टक्के वाढवून धरायचं, मालासाठी 50 टक्के, ही सवलत कंपनीला खर्च भरून काढण्यासाठी दिलेली आहे. म्हणजे आपण जागेवरून हललो नाही तरी गाव लांब गेलेलं असतं! तरीही “सरकारी गाडी, स्वस्त पडते” म्हणणारे भेटतातच.

दुसरी लाइन अजिबात झालेली नाही, असंही नाही. रोहा ते वीर हा 47 किलोमीटरचा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे मात्र बहुतांश एकेरीच मार्ग आहे. म्हणून विलवडे किंवा आडवलीसारख्या स्टेशनावर गाडी थांबते, पंखे फिरत राहतात, दारातला माणूस खाली उतरून सिग्नलकडे बघतो आणि डब्यात कुणीतरी हमखास म्हणतं, “इंजिन गेलं वाटतं.” इंजिन ठणठणीत असतं. क्रॉसिंग असतं. समोरची गाडी येऊन निघून गेल्याशिवाय आपली हलू शकत नाही.

आता हद्दीचं. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते. दादर, ठाणे, दिवा, पनवेल हे सगळं मध्य रेल्वेचं. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची. करोनानंतर ती दिव्याहून सुटू लागली. बोचकी घेऊन वरळीहून दिवा गाठायचं म्हणजे काय, हे दादरला गाडी पकडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण त्याबद्दल कोकण रेल्वेच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही. दादरचा फलाट तिच्या हातात नाही. तक्रार मध्य रेल्वेकडे आणि रेल्वे बोर्डाकडे करायची.

“आता विलीनीकरण झालं ना?” हाही प्रश्न येतो. 2025 मध्ये महाराष्ट्राने विलीनीकरणाला संमती कळवली आणि ‘कोकण रेल्वे’ हे नाव टिकावं, अशी अट घातली. पण संमती दिली म्हणजे विलीनीकरण झालं, असं नव्हे. लग्न ठरलं म्हणून कुणी रेशनकार्डावर नाव चढवत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. गाडीतून समुद्र दिसत राहतो, हे जाहिरातीतलं चित्र. मार्ग बराचसा आतून जातो. मालवण-वेंगुर्ल्याला जायचं तर कुडाळला उतरून एसटी पकडावी लागते. 2022 मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं म्हणून गाड्या सुसाट धावतील, हेही खरं नाही, कारण क्रॉसिंग विजेने टळत नाही. पावसाळी वेळापत्रक म्हणजे सरकारी आळस, हे तर बोलूच नये. 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली आणि सुमारे 50 जण गेले. त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा अपघात झाला. पावसात गाडीचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, तो यासाठी.

आणि शेवटचा गैरसमज, ज्याने तिकीट हुकतं : आरक्षण चार महिने आधी उघडतं हा. नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांची झाली आहे. गाडी सुटण्याचा दिवस सोडून मागे 60 दिवस मोजायचे आणि त्या सकाळी आठच्या आधी तयार बसायचं.