प्रोग्रॅम एक, ठिकाणें अनेक

नाटक मंडळी गांवोगांव हिंडते, तेव्हां तिचें नाटक बदलत नाहीं. खेळाची वेळ आणि तिकिटांचे दर मात्र प्रत्येक मुक्कामीं निराळे असतात. हे दर नाटकाच्या संहितेंतच लिहून ठेवण्याचा खुळेपणा कोणी करणार नाहीं. ते हस्तपत्रिकेवर छापावयाचे असतात. संगणकाच्या प्रोग्रॅमचीहि गोष्ट अशीच आहे. एकच प्रोग्रॅम आज तो रचणाऱ्याच्या यंत्रावर, तर उद्यां हजारों लोकांच्या उपयोगाच्या यंत्रावर चालावयाचा असतो. डेटाबेस कोठें आहे, तो उघडण्याचा पासवर्ड कोणता, कोणत्या पोर्टवर मागणी स्वीकारावयाची, या गोष्टी स्थळपरत्वें बदलतात. त्यांनाच कॉन्फिगरेशन म्हणतात.

पासवर्ड प्रोग्रॅमच्या मजकुरांत लिहिला, तर तो मजकूर ज्याच्या हातीं पडेल त्याच्या हातीं किल्लीहि पडते. शिवाय गिटसारखी व्यवस्था जुन्या आवृत्त्या जपून ठेवते. ती ओळ मागाहून खोडली तरी इतिहासांत शिल्लक राहते, आणि अखेर पासवर्डच बदलावा लागतो.

यावरील तोडगा यूनिक्स प्रणालींत पूर्वींपासून आहे. १९७९ सालीं बेल प्रयोगशाळेंतून बाहेर पडलेल्या यूनिक्सच्या सातव्या आवृत्तींत प्रत्येक प्रोग्रॅमला, तो सुरू होतांनाच, नांव आणि मूल्य अशा जोड्यांची यादी मिळूं लागली. या जोड्या म्हणजेच एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स. प्रोग्रॅमच्या हातीं येते ती यादीची नक्कल. तींत त्यानें फेरफार केला तरी देणाऱ्याच्या मूळ यादीस धक्का लागत नाहीं. पुढें हेरोकू कंपनींतील मंडळींनीं २०११ च्या सुमारास ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’ या नांवानें बारा नियम मांडले. कॉन्फिगरेशन याच यादींत ठेवावें, असा त्यांतील तिसरा नियम आहे. त्याची कसोटी सोपी आहे: प्रोग्रॅमचा सर्व मजकूर या क्षणीं जगापुढें उघडा केला, तर एखादें गुपित फुटेल काय?

पायथन भाषेंत ही यादी ‘ओएस’ मॉड्यूलच्या ‘एन्व्हायरॉन’ या कोशांत मिळते. चौकटी कंसांत नांव देऊन मूल्य मागितलें आणि तें नसलें, तर चूक जाहीर होऊन प्रोग्रॅम थांबतो. ‘गेट’ या पद्धतीनें मागितलें, तर मुकाट्यानें रिक्त मूल्य हातीं येतें. नवशिक्यास दुसरा मार्ग सोयीचा वाटतो. पण मग उणीव उघडकीस येते ती डेटाबेस उघडण्याच्या ऐन वेळीं.

याहून फसवी गोष्ट अशी, कीं यादींतील प्रत्येक मूल्य म्हणजे निव्वळ अक्षरमाळ असते. ८०८० हा दिसावयास आकडा. परंतु ‘इंट’ फंक्शननें त्याचा पूर्णांक करावा लागतो, आणि तो १ ते ६५५३५ यांच्या दरम्यान आहे ना, हेंहि पाहावें लागतें. होय-नाहींच्या बाबतींत फसगत अधिक होते. ‘डीबग’ या नांवापुढें ‘फॉल्स’ लिहिलें आणि ‘बूल’ फंक्शनला त्याचा अर्थ विचारला, तर उत्तर ‘ट्रू’ असें येतें! कारण बूलच्या लेखीं रिकामी नसलेली कोणतीहि अक्षरमाळ खरीच. दोषशोधनाचा दिवा मालविला असें मालक समजतो, प्रत्यक्षांत तो जळतच असतो. आणि वेबसाइट अडखळली कीं परक्या माणसास प्रोग्रॅमच्या आंतील ओळी दिसूं लागतात. म्हणून ‘होय’चे व ‘नाहीं’चे शब्द आधीं ठरवावेत, आणि इतर प्रत्येक शब्द नाकारावा.

यासाठीं शहाणा रिवाज असा: सर्व मूल्यें प्रारंभींच, एकाच ठिकाणीं वाचावींत व तपासावींत. पोर्टसारख्या निरुपद्रवी गोष्टीस ठराविक मूल्य देण्यास हरकत नाहीं. पासवर्डास मात्र तें कधींहि देऊं नये. जें गहाळ असेल त्याचें नांव सांगून प्रोग्रॅमनें सुरू होण्यासच नकार द्यावा. घरच्या कामासाठीं या जोड्या ‘डॉट-ईएनव्ही’ फाइलींत ठेवतात. ती फाइल गिटच्या हवालीं करूं नये.

ही यादी म्हणजे तिजोरी नव्हे, हेंहि विसरूं नये. लिनक्सवर ‘रूट’ अधिकाऱ्यास ती वाचतां येते, आणि प्रोग्रॅमनें सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमांसहि ती सामान्यतः वारशानें जाते.

तिसऱ्या घंटेपूर्वीं उणीव समजली, तर ती भरून काढतां येते, किंवा खेळ तहकूब करतां येतो. पडदा वर गेल्यावर समजली, तर प्रेक्षकांपुढें फजिती ठरलेलीच.