नाव सांगण्याचे धैर्य : एका नाटकाच्या निमित्ताने

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या रांगांमध्ये मोलगी हे गाव वसले आहे. या परिसरातील पाड्यापाड्यांत कथा सांगण्याची आणि गाण्याची परंपरा फार जुनी आहे. पूर्वजांच्या, देवांच्या, पेरणीच्या कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आल्या. जवळच्या काठी गावची राजवाडी होळी पाहण्यासाठी तर दूरदूरचे लोक डोंगर चढून येतात. पण ज्या समाजाला इतके सांगता येते, त्या समाजातही एक कथा सहसा कोणी सांगत नाही. ती म्हणजे बालपणी आपल्याच माणसाकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराची कथा. हे मौन केवळ सातपुड्याचे नाही. वसईच्या वाडीत, नाशिकच्या वसाहतीत आणि मुंबईच्या चाळीतही ते तितकेच दाट आहे.

हे मौन रंगभूमीवर आणणारे एक महत्त्वाचे भारतीय नाटक म्हणजे महेश दत्तानी यांचे ‘थर्टी डेज इन सप्टेंबर’. दत्तानी हे साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले इंग्रजी नाटककार. बालपणी कुटुंबातच अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना आधार देणारी ‘राही’ ही संस्था दिल्लीत १९९६ साली सुरू झाली. या संस्थेच्या सांगण्यावरून दत्तानी यांनी हे नाटक लिहिले. लिखाणापूर्वी त्यांनी अशा स्त्रियांचे अनुभव ऐकले. लिलेट दुबे यांच्या दिग्दर्शनाखाली २००१ साली ते रंगमंचावर आले.

नाटकाची नायिका माला ही एक तरुणी. कोणत्याही पुरुषाशी तिचे नाते महिनाभरापलीकडे टिकत नाही. नाटकाच्या आरंभी ती समुपदेशकापुढे बसली आहे, पण स्वतःचे नाव सांगायला तयार नाही. सारा दोष आपलाच, असे तिला वाटते. तिच्या मामाने बालपणी तिच्यावर अत्याचार केले होते. आई शांता हिला ते ठाऊक होते, तरी ती गप्प राहिली आणि देवाच्या तसबिरीपुढे बसून राहिली. घर त्याच भावाच्या पैशावर चालत होते. आईच्या या मौनाचा मालाला संताप आहे. शेवटी शांतेचे मौन फुटते तेव्हा कळते की त्याच भावाने तिलाही लहान वयात वर्षानुवर्षे छळले होते. आईजवळ मुलीसाठी शब्द नव्हते, कारण स्वतःसाठीही तिला ते कधी सापडले नव्हते. नाटकातील पुढच्या एका प्रसंगी माला आपले खरे नाव सांगते आणि ते लपवू नये असे म्हणते. नाव लपवण्यापासून नाव सांगण्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजेच तिचे बरे होणे.

कथा सांगितल्याने जखम कशी भरते, असा प्रश्न वाचकांना पडेल. भयंकर प्रसंगाची आठवण मनात सलग राहत नाही. ती तुकड्यातुकड्यांनी, एखाद्या वासातून, आवाजातून किंवा स्वप्नातून अवचित येते आणि माणसाला पुन्हा त्याच क्षणी नेऊन उभे करते. त्या तुकड्यांना क्रम मिळाला, आरंभ आणि शेवट मिळाला, की ‘हे आता घडत आहे’ याऐवजी ‘हे तेव्हा घडले’ असे मन म्हणू लागते. दुसरी गोष्ट ऐकणाऱ्याची. ज्याच्यापुढे सांगितले तो दचकला नाही, त्याने दोष दिला नाही, तर ‘चूक माझी होती’ ही समजूत ढळू लागते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या वाटेचे तीन टप्पे मांडले आहेत : प्रथम सुरक्षितता, मग स्मरण व शोक, आणि त्यानंतर जगाशी पुन्हा नाते. हा क्रम महत्त्वाचा आहे. अत्याचार करणारा अजून त्याच घरात असताना मुलाला ‘सांग, मन मोकळे कर’ म्हणणे उपयोगाचे नाही. आधी मूल सुरक्षित झाले पाहिजे.

पवित्र शास्त्रातही अशी एक कथा आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दावीद राजाची कन्या तामार हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो. ती डोक्यात राख घालून, वस्त्र फाडून आक्रोश करीत जाते, म्हणजे ती सांगते. परंतु तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. अम्नोन भाऊच आहे, मनाला लावून घेऊ नकोस, अशी तिची समजूत घालतो. पिता दावीद संतापतो, पण काहीच करीत नाही. तामार भावाच्या घरी उजाड होऊन राहते आणि दोन वर्षांनी त्या मौनातून खून उपजतो. ‘घरचीच गोष्ट आहे, बाहेर नको’ हे आपण जे वाक्य म्हणतो, ते इतके जुने आहे.

आपल्या देशातील या मौनाची व्याप्ती केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालातून दिसली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांच्या त्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. पीडित मुलांमध्ये मुलगेही मोठ्या संख्येने होते. बहुतेक मुलांनी त्याविषयी कोणालाही सांगितले नव्हते.

मोलगी परिसरात या प्रश्नाला आणखी दोन पदर आहेत. पहिला अंतराचा. पुष्कळ मुले आश्रमशाळेत राहून शिकतात, तर आईवडील कामासाठी गुजरातेत किंवा ऊसतोडीला गेलेले असतात. सांगावे तर कोणाला? दुसरा पदर भाषेचा. ज्या मुलाची घरची बोली भिली किंवा पावरी आहे, त्याने आपले सर्वांत खोल दुःख प्रमाण मराठीत कसे सांगावे? येथे कायदा मुलाच्या बाजूने आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्यानुसार, मुलाला नोंदीची भाषा समजत नसेल तर दुभाषी द्यावा लागतो. मुलाचा जबाब नोंदवताना पोलीस गणवेशात नसावेत आणि मुलाची ओळख प्रसिद्ध होता कामा नये. अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना ती कळविणे बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते.

ख्रिस्तसभाही या पापापासून अलिप्त राहिली नाही, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये सर्व देवप्रजेला पत्र लिहून हे अपयश कबूल केले. २०१९ च्या त्यांच्या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थांना अशी माहिती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक झाले. समेट संस्काराची गुप्तता अभंगच आहे. पण मुलाने आपल्यावरील अत्याचार तेथे सांगितला, तर ते त्याचे पाप नाही हे त्याला ठामपणे सांगावे आणि संस्काराबाहेर विश्वासू व्यक्तीशी बोलण्याचे धैर्य द्यावे.

आपल्या धर्मग्रामांतील युवकमंडळे, महिलामंडळे नाताळात व सणासुदीला नाटके बसवतात. या विषयावरही छोटे नाटक बसवता येईल. मात्र एक पथ्य पाळावे. कोणत्याही पीडित मुलाला स्वतःची कथा रंगमंचावर सांगायला लावू नये. कल्पित पात्रांच्या आडून नाटक जे बोलते, त्याने प्रेक्षकांतल्या एखाद्या मुलाला ‘हे माझ्याच बाबतीत घडले’ हे कळते आणि तरी त्याचे नाव झाकलेले राहते. प्रयोग संपल्यावर ऐकून घेणारी, समुपदेशनाची जाण असलेली व्यक्ती तेथे असावी. नंदुरबारच्या मातीतील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता प्रसिद्ध आहे. आमचे दुःख दुसरेच लोक आम्हाला व्यासपीठावरून सांगतात, हा तिचा आशय. तो येथेही लक्षात ठेवावा. नाटक गावच्या बोलीत असावे, आणि ते गावच्याच माणसांनी करावे.

आणि आपण घरी काय करावे? मूल काही सांगू लागले तर हातातले काम बाजूला ठेवावे. त्याच्यावर विश्वास ठेवावा. ‘तू तेथे गेलीसच कशाला’ असे विचारू नये. ‘कोणाला सांगू नकोस’ असे तर कधीच म्हणू नये. खोदून खोदून तपशील न विचारता ‘बरे केलेस सांगितलेस, यात तुझी चूक नाही’ एवढे म्हणावे आणि मदत मिळवावी. तामारला हे शब्द कोणी ऐकवले नाहीत. शांतेलाही नाहीत. आपल्या घरातील लेकराला ते ऐकायला मिळावेत, यासाठी प्रार्थना करू या. मात्र शांतेच्या प्रार्थनेसारखे आपल्या प्रार्थनेचे मौन होऊ देऊ नये.